धंदा सांभाळला म्हणजे देश सांभाळता येतो का?

चाटीगल्लीकर

स्पष्टच लिहितो, मग कुणाला राग येवो. या देशाला एकदा तरी पक्का धंदेवाला पंतप्रधान मिळायला पाहिजे. नेहरू बॅरिस्टर, मोरारजीभाई डेप्युटी कलेक्टर, वाजपेयी पत्रकार, मनमोहनसिंग प्राध्यापक आणि पुढं रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर. सगळी मोठी माणसं, वादच नाही. पण बँकेची सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे उचलीची मर्यादा) फुल्ल झालीय, दोन पार्ट्यांचे चेक बाउन्स झालेत आणि उद्या पगार करायचाय, अशी एक तरी रात्र यातल्या कुणी काढली असेल का?

आमची सोलापूरच्या चाटी गल्लीत कापडाची पेढी आहे, तिसरी पिढी. उधारी कशी बुडते, लग्नसराईच्या तोंडावर माल अडकला की काय होतं, जीएसटीचं पोर्टल नेमकं शेवटच्या तारखेला कसं बसतं, हे ज्यानं भोगलंय त्यालाच रुपयाची किंमत कळते. सरकारात पैसा कुणाच्याच बापाचा नसतो, म्हणून तो असा जातो. रस्ता करायचा, ड्रेनेजसाठी फोडायचा, परत करायचा. दुकानात असं दोनदा केलं तर तिसऱ्यांदा करायला दुकान राहत नाही.

आणि सोलापूरकरांनी तर याविरुद्ध बोलूच नये. वालचंद हिराचंद आपल्या गावचे. १९१९ मध्ये सिंदिया जहाज कंपनी, १९४० मध्ये बंगळूरला विमानाचा कारखाना, १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणी. तेही इंग्रज सरकार पावलोपावली आडवं येत असताना. असा माणूस दिल्लीच्या खुर्चीत बसला असता तर?

कृपया पक्ष आणू नका. मुद्द्यावर बोला.

का_बे_सोलापूर

चहाची टपरी धंद्यात धरायची का नाही मालक? एवढं क्लिअर करा, मग पुढं बोलू. (हलकं घ्या.)

सल्लागार

पहिल्याच प्रतिसादाला ही तऱ्हा. पक्षीय टोलेबाजी सुरू झाली तर धागा वाचनमात्र करण्यात येईल.

जॉबरचं_पोर

मालक, रस्त्याचं तुमचं म्हणणं शंभर टक्के पटलं. पण मुळातच एक गोष्ट वेगळी आहे, ती सांगतो.

माझे वडील मिलमध्ये जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम होते. मिलचं नाव लिहीत नाही, जुन्या लोकांना अंदाज येईल. नव्वदच्या दशकात गेटवर नोटीस लागली. मी मालकाला शिव्या घालणाऱ्यातला नाही. माग जुने, बाहेर पॉवरलूमवाले निम्म्या खर्चात कापड काढत होते, साठलेला तोटा फेडण्यापलीकडं गेलेला. कोणताही शहाणा धंदेवाला तेच करणार. त्याच्या हिशेबानं निर्णय बरोबर होता.

आता पुढचं बघा. नोटीस लागली त्या दिवसापासून मालकाच्या वहीत आमचं घर नाही. पण आम्ही गेलो कुठं? कुठंच नाही. वडील एका लूमवर रात्रपाळीला लागले, आई शेजारणींबरोबर विड्या वळायला बसली. तेंदूपत्ता भिजवून, कात्रीनं कापून, तंबाखू भरून मुडपायचा, आणि संध्याकाळी कारखान्यात नेऊन दिला की तिथला माणूस त्यातल्या मूठभर विड्या खराब म्हणून बाजूला काढणार. औषधपाणी सिव्हिलला, माझी शाळा महापालिकेची. म्हणजे मिलनं जो खर्च गेटबाहेर टाकला तो नाहीसा झाला नाही, तो शहरानं उचलला. मिल सुधारली, शहर खचलं.

कंपनीला गेट असतं आणि गेटबाहेर जागा असते. परवडत नाही तो माणूस, ते खातं, तो विभाग तिथं ढकलता येतो. धंद्यातल्या निम्म्या हुशारीचा पाया तोच आहे. देशाला गेटबाहेर काय आहे? तोट्यातला जिल्हा विकायचा का? म्हातारी माणसं व्हीआरएस देऊन घालवायची का?

चाटीगल्लीकर

दादा, वाचून वाईट वाटलं. पण तोट्यातली मिल सरकारनं चालवली असती तर काय झालं असतं, तेही सांगा. राष्ट्रीयीकरण झालेल्या गिरण्यांचं काय झालं हे आपल्याच गावात बघितलंय. शेवट तोच, फक्त तोटा तुमच्या-माझ्या करातून गेला.

जॉबरचं_पोर

चालवावी असं मी म्हटलंच नाही. बंद करायची तर करा. पण बंद केल्यावर त्या माणसांचं काय, हा प्रश्न मालकाचा नसतो आणि पंतप्रधानाचा असतो. जो प्रश्न आयुष्यात कधी सोडवलाच नाही, त्याचा अनुभव तुम्ही कसा धरता?

टॉवेलवाला

मी स्वतः धंद्यात, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेल. तरी या बाबतीत चाटीगल्लीकरांच्या विरुद्ध मत देतो.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेनं भारतीय मालावर आधी २५ आणि महिना संपायच्या आत आणखी २५, असा ५० टक्के आयातकर लावला. लावणारा माणूस कोण? जन्मभर बिल्डरकी केलेला. आणि पद्धतही अस्सल धंद्यातली. समोरच्याला आधी टेकीला आणायचं, मग भाव बोलायचा. मी खोटं कशाला बोलू, सूतवाल्याशी मीही तेच करतो. फरक एवढाच की सूतवाला नाही नमला तर मी दुसऱ्याकडं जातो आणि तोही दुसरं गिऱ्हाईक बघतो. देशांना दुसरा बाजार, दुसरा शेजारी असा पटकन सापडत नाही. आणि टेकीला आलेला देश हिशेब विसरत नाही.

आमचा बहुतेक माल आखातात जातो, त्यामुळं मी वाचलो म्हणायचं. एका अमेरिकन ऑर्डरचा मात्र मेल आला: शिपमेंट होल्ड करा. माल पॅक होऊन पडलेला. प्रत्येक टॉवेलला त्यांच्या दुकानाचं लेबल शिवलेलं, वर डॉलरमध्ये किंमत छापलेला टॅग. असा माल इथल्या बाजारात कोण घेणार? चार बायका बसवून लेबलं उसवून घेतली. उसवलेल्या जागी भोकं दिसतात, मग सेकंडच्या भावानं काढला. हा कर भरणार तिकडचा आयातदार आणि शेवटी तिकडचंच गिऱ्हाईक, हे शाळेतल्या पोराला कळतं. पण सौदा करणाऱ्याला समोर फक्त एकच माणूस दिसतो, मागची रांग दिसत नाही.

का_बे_सोलापूर

उरलेले टॉवेल कुठं मिळतील? भोकं चालतील.

निवृत्त_बाई

चर्चा छान चालली आहे. मी राज्यशास्त्र शिकवत होते, त्यामुळे राहवत नाही.

चाटीगल्लीकरांना आवडेल असं उदाहरण आधी देते. अमेरिकेचे हॅरी ट्रुमन. १९१९ मध्ये कॅन्सस सिटीत लष्करातल्या मित्राबरोबर पुरुषांच्या कपड्यांचं दुकान काढलं: शर्ट, टाय, मोजे. १९२२ मध्ये ते मंदीत बुडालं. ट्रुमननी दिवाळं काढलं नाही, कित्येक वर्षं देणी फेडत राहिले. पुढे हाच माणूस राष्ट्राध्यक्ष झाला. युद्धात उद्ध्वस्त झालेल्या युरोपला उभं करणारी मार्शल योजना १९४८ ची, सैन्यातला काळा-गोरा भेद संपवणारा आदेशही त्याच वर्षीचा. मूळचा बुडालेला कापडवाला!

आता दुसरं टोक. हर्बर्ट हूवर खाण अभियंता, ऑस्ट्रेलिया आणि चीनमध्ये काम करून गडगंज झालेला. पहिल्या महायुद्धात बेल्जियमच्या भुकेल्या लोकांना धान्य पोचवण्याचं काम त्यानं असं चोख केलं की जगभर नाव झालं. नंतर व्यापारमंत्री. कागदावर याच्याइतका लायक माणूस शोधून सापडणार नाही. मार्च १९२९ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाला आणि ऑक्टोबरमध्ये शेअर बाजार कोसळला. १९३० मध्ये हजारावर अर्थतज्ज्ञांनी विनवण्या केल्या तरी त्यानं आयातकर वाढवणाऱ्या स्मूट-हॉली कायद्यावर सही केली. इतर देशांनीही भिंती उभारल्या, जगाचा व्यापार आटला, महामंदी आणखी चिघळली.

दोन माणसांवरून नियम होत नाही, हे मी परीक्षेत मुलांना लिहायला लावत असे. पण हूवर प्रकरणात एक शिकण्यासारखं आहे. मंदीत प्रत्येक दुकानदार खर्च आवरतो, ते शहाणपण. सगळ्यांनी एकदम आवरला की कुणाचाच माल खपत नाही, कारण माझा खर्च ही तुमची विक्री असते. अशा वेळी सरकारनंही दुकानदारासारखं हात आखडले तर संपलंच. टॉवेलवाल्यांचा माल आखातात जातो, पण देश आपला बहुतेक माल स्वतःलाच विकतो.

चाटीगल्लीकर

बाई, ट्रुमनचं माहीत नव्हतं, फोटो शोधून दुकानात लावतो. पण तुम्ही शंभर वर्षांपूर्वीचं सांगताय. अलीकडं?

निवृत्त_बाई

अलीकडचे पुष्कळ आहेत. चिलीचे पिन्येरा क्रेडिट कार्ड आणि विमान कंपनीवाले. २०१० मध्ये खाणीत अडकलेले ३३ कामगार जिवंत बाहेर काढले तेव्हा जगानं टाळ्या वाजवल्या. धंदेवाल्याची धडाडी तिथं खरंच कामाला आली. त्याच माणसाच्या दुसऱ्या कारकिर्दीत, २०१९ मध्ये, मेट्रोचं तिकीट ३० पेसोंनी वाढलं आणि देश पेटला. हिशेबात रक्कम किरकोळ होती. लोकांच्या मनात किती साठलंय ते कुठल्याच ताळेबंदात नव्हतं.

थायलंडचे थाकसिन दूरसंचारवाले, देश कंपनीसारखा चालवणार म्हणून २००१ मध्ये आले. ३० बाथमध्ये उपचाराची त्यांची योजना गरिबांना खरोखर उपयोगी पडली, ते श्रेय द्यायलाच हवं. पण जानेवारी २००६ मध्ये दूरसंचारातल्या परकीय मालकीची मर्यादा वाढवणारा बदल लागू झाला आणि लागलीच त्यांच्या कुटुंबानं आपला हिस्सा सिंगापूरच्या तेमासेकला विकला, ७३ अब्ज बाथना, आणि त्यावर कर शून्य. लोक रस्त्यावर आले, सप्टेंबरात लष्करानं सत्ता घेतली. इटलीच्या बर्लुस्कोनींच्या घरात देशाच्या मुख्य खासगी वाहिन्या आणि पंतप्रधान म्हणून हाताखाली सरकारी वाहिनी. बातमी कुणाची दाखवणार, तुम्हीच सांगा. नोव्हेंबर २०११ मध्ये कर्जसंकटात पायउतार झाले तेव्हा इटलीला उसने पैसे देताना बाजार धास्तावला होता. स्वतःला बाजार कळतो म्हणणाऱ्या माणसाची ही गत.

माझा आक्षेप धंद्याच्या अनुभवाला नाही. धंदा मागं सुटत नाही, याला आहे.

आवक_जावक

महापालिकेतून निवृत्त झालोय, त्यामुळं रस्ता फोडण्याचं उत्तर माझ्याकडं लागतं.

चाटीगल्लीकर, तुमच्या गल्ल्यात पैसा एकच. विजेचं बिल उरलं तर त्यातून कपाट घेता. आमच्याकडं रस्त्याचा पैसा एका योजनेतून, ड्रेनेजचा दुसऱ्या योजनेतून, आणि एका हेडचा (खर्चाच्या खात्याचा) दुसऱ्याला लावता येत नाही. रस्त्याचा निधी डिसेंबरात येतो, मार्चअखेर नाही खर्चला तर परत जातो. ड्रेनेजची मंजुरी पुढच्या वर्षी. आता थांबलं तर रस्ता जातो, नाही थांबलं तर तुम्ही शिव्या घालता. मी दोन्ही बघितलंय.

तुम्ही ओळखीच्या व्यापाऱ्याकडून फोनवर माल मागवता. आम्ही तसं केलं तर तुम्हीच माहिती अधिकारात अर्ज टाकाल, आणि टाकायलाच पाहिजे. म्हणून ई-निविदा, दोन लिफाफे, सगळ्यात कमी दरवाला, कार्यादेश, मोजमाप पुस्तिका, वर ऑडिटचा आक्षेप. सगळं संथ, मान्य. पैसा दुसऱ्याचा असला की असंच चालावं लागतं. कायम चोरी थांबते असं नाही म्हणत मी, हसू नका.

बरं, कंपनीसारखं चालवून बघायचंच होतं ना? ते झालंय. २०१६ च्या जानेवारीत पहिल्या वीस स्मार्ट शहरांत सोलापूर आलं. त्यासाठी रीतसर कंपनी काढली: सोलापूर सिटी डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन लिमिटेड. निम्मे शेअर राज्याचे, निम्मे महापालिकेचे, संचालक मंडळ, वर सीईओ. पार्क स्टेडियम झालं, रंगभवनचा चौक झाला. जिथं एक जागा, एक ठेकेदार, एक उद्घाटन, तिथं कंपनी पळाली. पाणी मात्र कित्येक वर्षं चार-पाच दिवसांआडच राहिलं. उजनी जिल्ह्यातच, पण तिथून शहरापर्यंत पाइप न्यायचा तर वाटेत शेकडो शेतकऱ्यांची शेतं. त्यांच्याशी मोबदला बोला, ऐका, कोर्टात जा, परत बोला. तिथं सीईओ आणि हेडक्लार्क सारखेच.

पुण्यातला_सोलापूरकर

नंदन निलेकणींचं नाव कसं कुणी घेतलं नाही? इन्फोसिस सोडून २००९ मध्ये आधारचं काम घेतलं आणि करून दाखवलं. तोच माणूस २०१४ ला दक्षिण बंगळूरमधून लोकसभेला पडला. १९७१ मध्ये नवल टाटाही दक्षिण मुंबईतून पडले होते. टाटांकडून आलेले जॉन मथाई अर्थमंत्री झाले, पण नियोजन आयोगावरून खटकलं आणि १९५० मध्ये राजीनामा देऊन मोकळे झाले. मला वाटतं अशा लोकांना एखादं नेमकं काम द्यावं, सगळं घर देऊ नये.

चाटीगल्लीकर

म्हणजे लोकच निवडत नाहीत, आणि वर म्हणायचं धंदेवाले नालायक!

मोहोळचा_ऊसकरी

तुम्ही सगळे शहरातले. आमच्याकडं धंदा आणि राजकारण एकाच माणसाला करावं लागतं, त्याला चेअरमन म्हणतात.

सहकारी कारखान्याचा चेअरमन कसा असतो बघा. मालक आम्ही सभासद, पुरवठादार पण आम्हीच, मतदार पण आम्हीच. तोड उशिरा मिळाली म्हणून एकालाही काढता येत नाही. वार्षिक सभेत माईक आमच्या हातात. ऊस घातला की १४ दिवसांत एफआरपी (सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर) द्यायची, हा १९६६ च्या आदेशाचा नियम. साखर मात्र दिल्ली ठरवील त्या महिन्याच्या कोट्यानंच विकायची. घ्यायचा भाव सरकारचा, विकायचं प्रमाण सरकारचं, मधल्या भांडणाला चेअरमन. असा कारखाना ज्यानं दहा-पंधरा हंगाम थकबाकीशिवाय चालवला, त्याला मी देश द्यायला तयार आहे. तसे किती निघतील ते विचारू नका. बाकीचे कारखान्याच्या शिडीनं वर गेले, मग शिडी विकली, आणि घेणारा पण त्यांचाच पाहुणा निघाला.

आणि चिमणी विसरला काय? सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी २०२३ च्या जूनमध्ये पाडली, होटगी रोडच्या विमानतळाला अडथळा म्हणून. शहरातले व्यापारी म्हणत होते विमान नाही म्हणून धंदा नाही. आम्ही म्हणत होतो गाळप घटलं तर ऊस कुठं घालायचा. दोघांचा हिशेब आपापल्या वहीत बरोबर. वहीतनं उत्तर निघत असतं तर कधीच निघालं असतं. कुणाच्या तरी पोटावर पाय पडणार हे माहीत असून ठरवायचं आणि पुढची पाच वर्षं त्याच गावात तोंड दाखवायचं, हे शिकवणारा धंदा कुठला?

टॉवेलवाला

+१. त्या वेळी मी विमानाच्या बाजूनं होतो, अजूनही आहे. तरी +१.

पूर्व_भागातली

जॉबरदादा, तुमच्या आईसारखीच माझी आई. म्हणून एक लिहिते.

कुंभारीला रे नगर बघितलंय का कुणी? विडी कामगार, लूमवाले, शिलाईवाल्या बायका, अशांची ३०,००० घरांची वसाहत. १९ जानेवारी २०२४ ला त्यातल्या १५,००० घरांच्या चाव्या पंतप्रधान मोदींनी येऊन दिल्या. त्याआधी विडी कामगार बायकांची १०,००० घरं झाली होती, ती २००६ मध्ये मनमोहनसिंगांच्या हातून मिळाली. दोन्हींमागं माणूस एकच, आडम मास्तर. लाल बावट्याचे, तीनदा आमदार, आणि जन्मात धंदा केला नाही. उलट धंदेवाल्यांच्या दारात मोर्चे नेले. मी त्यांच्या पक्षाची नाही, मत पण दरवेळी दिलं नाही.

केंद्राचं दीड लाख, राज्याचं एक लाख, बाकी बाईचे हप्ते. ज्या बाईकडं पगाराची स्लिप नाही तिला कर्ज द्यायला बँक तयार करायची. दिल्लीत काँग्रेस असो, भाजप असो, आपला त्यांना विरोध असला तरी त्यांच्या दारात फाइल घेऊन बसायचं. आणि इकडं हजारो बायकांना वर्षानुवर्षं सांगत राहायचं की होईल, पैसे काढून घेऊ नका. हा पण एक अनुभवच आहे की. बायोडेटात कुठल्या रकान्यात लिहिणार?

चाटीगल्लीकर

ताई, रे नगर बघितलंय. पण भिंती उभ्या केल्या ठेकेदारानंच ना? तो धंदेवालाच.

पूर्व_भागातली

ठेकेदार शहरात आधी पण होतेच की मालक. मग आधी का नाही झाली?

चाटीगल्लीकर

मत माझं बदललेलं नाही. फक्त एक अट वाढवतो. धंदेवाल्यानं एकदम दिल्लीला उडी मारू नये. आधी नगरसेवक व्हावं, नळाला पाणी न आलेल्या बायका सकाळी दारात कशा येतात ते बघावं, मग वर जावं. आणि धंदा खरोखर सोडावा, बायकोच्या नावावर करून नव्हे.

का_बे_सोलापूर

मग मालक, तुम्हीच उभं राहा की पुढच्या टायमाला. आख्खा धागा प्रचाराला येतो.

चाटीगल्लीकर

घरी बोललो होतो एकदा. कागदपत्रांवर अडलं. थकबाकी नसल्याचा दाखला लागतो म्हणे, आणि दुकानाची घरपट्टी आमची जरा वादात आहे. अपील केलंय.

आवक_जावक

कोणत्या सालापासून?